शिक्षण सरकारच्या हाती नको म्हणणारा शिक्षणप्रमुख : विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट

१७९२ मध्ये प्रशिया या जर्मन राज्यातील एका पंचविशीच्या तरुणाने राज्यसत्तेच्या मर्यादा कोणत्या असाव्यात, या विषयावर एक ग्रंथ लिहिला. नागरिकांचे परचक्रापासून आणि एकमेकांच्या अन्यायापासून रक्षण करणे एवढेच सरकारचे काम आहे; धर्म, नीती आणि शिक्षण यांत सरकारने लुडबुड करू नये, असे त्याचे रोखठोक म्हणणे होते. त्यानंतर सतरा वर्षांनी त्याच माणसाने प्रशियाच्या गृहखात्यातील धर्म आणि सार्वजनिक शिक्षण या विभागाचे प्रमुखपद स्वीकारले, सोळा महिन्यांत प्राथमिक शाळेपासून विद्यापीठापर्यंतची सारी सरकारी शिक्षणव्यवस्था नव्याने आखली आणि बर्लिनला आधुनिक जगातील एका अत्यंत प्रभावी विद्यापीठाचा पाया घातला. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट हा तो माणूस. विद्वान, मुत्सद्दी, शिक्षणसुधारक, भाषाशास्त्रज्ञ अशी बरीच बिरुदे त्याच्या नावापुढे लावली जातात. पण त्याच्या आयुष्याची संगती लावायची असेल, तर मते आणि कृती यांतील या विसंगतीपासूनच सुरुवात करणे सोयीचे ठरते.

त्याचा जन्म २२ जून १७६७ रोजी बर्लिनजवळच्या पोट्सडाम येथे झाला. वडील सैन्यातील अधिकारी आणि पुढे दरबारातील मानकरी होते; आईचे घराणे धार्मिक छळामुळे फ्रान्स सोडून जर्मनीत आलेल्या प्रोटेस्टंटांपैकी होते. दोन वर्षांनी धाकटा असलेला भाऊ अलेक्झांडर पुढे दक्षिण अमेरिकेतील प्रवासामुळे आणि निसर्गविज्ञानातील कामामुळे थोरल्यापेक्षा कितीतरी अधिक प्रसिद्ध झाला. दोघेही भाऊ शाळेत कधी गेलेच नाहीत. बर्लिनच्या उत्तरेस टेगेल येथे कुटुंबाची वाडी होती. वडील १७७९ मध्ये वारल्यानंतर आईने तिथेच उत्तमोत्तम खासगी शिक्षक नेमून मुलांना शिकवले. ज्याने लाखो मुलांच्या शाळेचा आराखडा केला, त्याला स्वतःला वर्गातील बाक ठाऊक नव्हता, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांनी अधूनमधून ऐकवली आहे आणि तिच्यात अगदीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही.

ग्योटिंगेनच्या विद्यापीठात त्याने ग्रीक साहित्याचा कसून अभ्यास केला. १७८९ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे बास्तियचा तुरुंग पडून जेमतेम तीन आठवडे झाले असताना, तो आपल्या जुन्या शिक्षकाबरोबर पॅरिसला पोहोचला. क्रांतीचे त्याला आकर्षण वाटले, पण केवळ बुद्धीच्या जोरावर आखलेली राज्यघटना एखाद्या समाजावर वरून लादता येईल यावर त्याचा विश्वास बसला नाही. बर्लिनच्या न्यायालयात त्याने वर्षभर नोकरी केली आणि १७९१ मध्ये ती सोडून कारोलिने फॉन डाखर्योडेन हिच्याशी लग्न केले. कारोलिने स्वतः ग्रीक वाचणारी, कलेची जाण असलेली आणि स्वतंत्र वृत्तीची स्त्री होती. पुढे दोघे कामाधामानिमित्त वर्षानुवर्षे वेगवेगळ्या गावी राहिले, आणि त्या काळातील त्यांचा पत्रव्यवहार सात खंडांत छापला गेला. हुम्बोल्ट सहकाऱ्यांबद्दल खरे काय बोलत होता, हे आज आपल्याला मुख्यतः या पत्रांतूनच कळते.

राज्यसत्तेच्या मर्यादांवरचा तो ग्रंथ लग्नानंतरच्या निवांत काळात लिहिला गेला. त्यातील युक्तिवाद असा : माणसाच्या अंगच्या सर्व शक्तींचा समतोल विकास होणे हे जीवनाचे साध्य आहे, हा विकास स्वातंत्र्य आणि परिस्थितीतील विविधता यांवाचून होत नाही, सरकार जेव्हा माणसाचे भले करायला निघते तेव्हा ते सर्वांना एका साच्यात घालते आणि मग तो विकास खुंटतो. ग्रंथातील काही प्रकरणे नियतकालिकांत आली, पण प्रशियाच्या सेन्सॉरमुळे संपूर्ण ग्रंथ त्याच्या हयातीत निघालाच नाही. तो १८५१ मध्ये छापला गेला आणि लवकरच इंग्लंडमध्ये जॉन स्टुअर्ट मिलच्या हाती पडला. मिलने १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यावरील प्रसिद्ध निबंधाच्या आरंभीच हुम्बोल्टचे वाक्य दिले आहे. आगरकरांच्या पिढीने ज्या मिलची पारायणे केली, त्याच्या विचारामागचा एक झरा हा असा टेगेलच्या बाजूने आलेला आहे.

पुढची काही वर्षे त्याने येना येथे शिलर आणि गटे या कवींच्या सहवासात, नंतर पॅरिसमध्ये आणि मग स्पेनच्या प्रवासात घालवली. या प्रवासात त्याची गाठ बास्क भाषेशी पडली. युरोपातील कोणत्याही भाषेशी नाते न सांगणारी ही भाषा ऐकून तो इतका चकित झाला की १८०१ मध्ये केवळ तिच्यासाठी तो पुन्हा बास्क प्रदेशात गेला. भाषांचा नाद त्याला लागला तो इथे, आणि तो मरेपर्यंत सुटला नाही.

१८०२ मध्ये पोपच्या दरबारात प्रशियाचा प्रतिनिधी म्हणून तो रोमला गेला. काम बेताचेच होते, पगार बरा होता आणि रोम डोळ्यांसमोर होते. मुत्सद्देगिरीचा पेशा त्याने पत्करला तो या हिशेबाने. त्याच शहरात मात्र १८०३ मध्ये त्याचा नऊ वर्षांचा मुलगा विल्हेल्म तापाने गेला आणि पुढच्या चार वर्षांत आणखी दोन बालके गेली. आठ अपत्यांपैकी पाच मोठी झाली. रोममधील आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. लोरेंझो एर्व्हास हा स्पॅनिश जेसुइट विद्वान तिथे होता आणि त्याने जगभरच्या मिशनऱ्यांकडून अमेरिकेतील मूळ भाषांची हस्तलिखित व्याकरणे गोळा केली होती. हुम्बोल्टने त्यांच्या नकला करून घेतल्या. पुढे अलेक्झांडर अमेरिकेहून परतला तो आणखी व्याकरणे घेऊन आला, आणि अशा रीतीने एका दुय्यम दर्जाच्या राजदूताच्या घरी तेव्हाच्या युरोपातील एक अपूर्व भाषासंग्रह जमला.

इकडे १४ ऑक्टोबर १८०६ रोजी येनाच्या लढाईत नेपोलियनने प्रशियाची धूळधाण उडवली. पुढच्या वर्षी झालेल्या तिल्झितच्या तहात प्रशियाचा जवळजवळ अर्धा मुलूख गेला आणि त्याबरोबर हाले येथील नामांकित विद्यापीठही गेले. राजा दूर पूर्वेकडे क्योनिग्जबर्गला राहत होता, खजिना रिकामा होता आणि फ्रान्सला द्यायची खंडणी डोक्यावर होती. अशा वेळी स्टाइन आणि हार्डेनबर्ग या मंत्र्यांभोवती जमलेल्या सुधारकांनी शेतकऱ्यांची वेठ, शहरांचा कारभार, सैन्य आणि शिक्षण या सर्वांची फेररचना हाती घेतली. हुम्बोल्टची नेमणूक फेब्रुवारी १८०९ मध्ये झाली. रोमला परत जाण्याची त्याची इच्छा होती आणि हे पद त्याने नाखुशीनेच घेतले, पण एकदा घेतल्यावर त्याने जे काम केले त्याला तोड नाही.

त्याची कल्पना समजून घेण्यासाठी आधीची स्थिती लक्षात घ्यायला हवी. त्या काळी मुलाने कोणती शाळा घ्यायची, हे त्याचा बाप कोण आहे यावर ठरे : सरदारपुत्रांसाठी निराळी प्रशाला, सैनिकांच्या मुलांसाठी निराळी, कारागिरांसाठी निराळी. हुम्बोल्टचे म्हणणे असे की आधी माणूस घडवावा आणि धंद्याचे शिक्षण नंतर द्यावे, कारण धंदा बदलू शकतो आणि नुसत्या धंद्यासाठी घडवलेला माणूस मग हतबल होतो. म्हणून सर्वांसाठी एकच मार्ग असावा आणि त्याचे तीनच टप्पे असावेत : प्राथमिक शाळा, गिम्नाझियम म्हणजे माध्यमिक शाळा, आणि विद्यापीठ. १८०९ च्या एका टिपणात तो लिहितो की सुताराने ग्रीक शिकलेले असणे हे विद्वानाला टेबल करता येण्याइतकेच उपयोगाचे ठरू शकेल. या वाक्याची पुष्कळ थट्टा झाली. पण राजाला दिलेल्या अहवालातील त्याच्या भूमिकेशी ते जोडून वाचले, तर त्यातला रोख जन्मावरून शिक्षण ठरवण्याच्या रूढीवर आहे हे स्पष्ट होते. माध्यमिक शिक्षकांसाठी सरकारी पात्रता परीक्षा १८१० मध्ये सुरू झाली. तोवर हे काम बहुधा पाद्र्याची जागा मिळण्याची वाट पाहणारे उमेदवार करत असत. शिकवणे हा स्वतंत्र पेशा झाला तो या परीक्षेमुळे. व्यवहारात मात्र गिम्नाझियममध्ये ग्रीक-लॅटिनचे प्रस्थ इतके वाढले की सुताराची मुले तिथे क्वचितच पोहोचली, हेही सांगायला हवे.

विद्यापीठाची कल्पना याहून धाडसी होती. आपल्याकडे १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले ते त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर : शिकवायचे महाविद्यालयांनी, आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्यायच्या. हुम्बोल्टच्या डोक्यात होते ते याच्या नेमके उलटे. त्याच्या मते शाळेत तयार, ठरलेले ज्ञान द्यायचे असते. विद्यापीठात मात्र ज्ञान हा अजून पुरता न सुटलेला प्रश्न आहे, असे धरून चालायचे असते. त्यामुळे तिथे शिक्षक विद्यार्थ्यासाठी नसतो, तर दोघेही ज्ञानासाठी असतात. अनुभवी पण एकाच दिशेला लागलेले प्राध्यापकाचे मन आणि कच्चे पण सर्व दिशांना धावणारे विद्यार्थ्याचे मन यांच्या संयोगातून संशोधन पुढे सरकते. संशोधन आणि अध्यापन यांची फारकत करू नये, हे आज जगभर उच्चारले जाणारे सूत्र याच विचारातून आले आहे.

मग सरकारचे काय? आरंभी सांगितलेल्या विसंगतीचे उत्तर इथे सापडते. सरकारने पैसा आणि जागा द्यावी, माणसे निवडावीत आणि मग बाजूला व्हावे. आपण मध्ये पडलो की अडथळाच होतो आणि आपल्यावाचून हे काम कितीतरी चांगले चालले असते, हे सरकारने कायम ध्यानात ठेवावे, असे त्याने सरकारी अधिकारी म्हणूनच लिहिलेल्या विद्यापीठासंबंधीच्या एका टिपणात म्हटले आहे. तरुणपणीचे मत त्याने सोडले नव्हते. सरकारी यंत्रणेच्या आत शिरून तिच्याच हातांनी तिला कुंपण घालण्याचा तो प्रयत्न होता. विद्यापीठ आणि बर्लिनच्या विद्वत्संस्था यांना दरवर्षी दीड लाख थॅलर (तेव्हाचे तिथले नाणे) मिळावेत आणि तेही अर्थसंकल्पातून नव्हे, तर कायमच्या लावून दिलेल्या राजघराण्याच्या जमिनींच्या उत्पन्नातून, असा त्याचा आग्रह होता. कारण दरसाल हात पसरावा लागला की दरसाल मान तुकवावी लागते, हे त्याला पक्के ठाऊक होते. राजाने १६ ऑगस्ट १८०९ रोजी स्थापनेच्या हुकमावर सही केली आणि उंटर डेन लिंडेन या राजरस्त्यावरील राजपुत्र हाइनरिखचा वाडा विद्यापीठाला दिला. १८१० च्या ऑक्टोबरमध्ये २५६ विद्यार्थ्यांनिशी वर्ग सुरू झाले. फिश्टे, श्लायरमाखर, साव्हिन्यी, हुफेलांड अशी माणसे पहिल्याच फळीत होती.

प्राध्यापकांच्या नेमणुका मात्र त्याने जाणूनबुजून सरकारकडे ठेवल्या. विद्वानांच्या हाती हा अधिकार दिला तर आपापसातील हेव्यादाव्यांनी सर्व नासेल, अशी त्याला धास्ती होती. कारोलिनेला लिहिलेल्या एका पत्रात तो वैतागून म्हणतो की विद्वानांवर देखरेख करणे हे नाटकमंडळी सांभाळण्यापेक्षा फारसे बरे नाही. ज्यांनी कोणत्याही विद्यापीठाची अभ्यासमंडळाची बैठक पाहिली आहे, त्यांना यावर अधिक भाष्य नको.

विद्यापीठ उघडले तेव्हा तो बर्लिनमध्ये नव्हता. विभागप्रमुखाला मंत्र्याच्या बरोबरीचा अधिकार हवा, ही त्याची मागणी मान्य न झाल्याने त्याने एप्रिल १८१० मध्ये राजीनामा दिला आणि राजाने त्याला राजदूत म्हणून व्हिएन्नाला पाठवले. त्याच्यामागून आलेल्या अधिकाऱ्याने जमिनी लावून देण्याची योजना गुंडाळून ठेवली. विद्यापीठाचे पैसे पुढे सरकारी तिजोरीतूनच येत राहिले.

व्हिएन्नातील त्याचे काम थोडक्यात सांगता येते : नेपोलियनच्या जावईपणाने बांधल्या गेलेल्या ऑस्ट्रियाला त्याच्याविरुद्ध उभे करणे. १८१३ च्या उन्हाळ्यात प्रागला तहाची बोलणी चालू होती आणि हुम्बोल्ट तिथे प्रशियाच्या वतीने बसला होता. बोलणी यशस्वी व्हावीत अशी त्याची मुळीच इच्छा नव्हती. १० ऑगस्टच्या मध्यरात्री मुदत संपली, प्रागपासून सीमेपर्यंत टेकड्यांवर इशाऱ्याचे जाळ पेटवले गेले आणि ऑस्ट्रिया युद्धात उतरला. आयुष्यातील आपले मोठे राजकीय यश म्हणून तो याकडे पाहत असे.

नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपची घडी बसवण्यासाठी भरलेल्या १८१४-१५ च्या व्हिएन्ना परिषदेत प्रशियाचा मुख्य प्रतिनिधी हार्डेनबर्ग होता, पण त्याला ऐकू कमी येई, म्हणून हुम्बोल्ट शेजारी बसे आणि मसुद्यांचा मोठा भार त्याच्यावर पडे. परिषदेच्या मेजवान्या आणि नाच यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामानाने नद्यांवरील वाहतुकीच्या समितीकडे कुणी पाहत नाही, आणि मला तर तेच काम अधिक मोलाचे वाटते. अनेक राज्यांतून वाहणाऱ्या नदीवर प्रत्येक राजाने आपापला नाका उभारून जकात घ्यायची, अशी तेव्हाची रीत होती. अशा नद्या सर्वांना खुल्या असाव्यात आणि जकातीचे नियम सर्वांनी मिळून ठरवावेत, या तत्त्वाला कलमांचे रूप देण्यात हुम्बोल्टचा मोठा वाटा होता. त्यातून ऱ्हाईन नदीसाठी नेमलेल्या आयोगाची पहिली बैठक १८१६ मध्ये माइन्झला झाली; तो आयोग आजही स्ट्रासबर्ग येथून काम करतो. याच परिषदेच्या काळात प्रशियाचा युद्धमंत्री बॉयेन याच्याशी त्याचे एका बैठकीतील मानापमानावरून बिनसले आणि दोघे पिस्तुले घेऊन द्वंद्वाला उभे राहिले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

ज्यूंच्या हक्कांचा प्रश्नही इथे आला. १८०९ मध्येच त्याने सरकारला लेखी मत दिले होते की ज्यूंना नागरिकत्वाचे समान हक्क टप्प्याटप्प्याने देऊ नयेत, एकदम द्यावेत. कारण हळूहळू सवलती देणे म्हणजे उरलेल्या प्रत्येक बंधनाने संशय जागता ठेवणे होय. व्हिएन्नात त्याने आणि हार्डेनबर्गने ही बाजू लावून धरली, परंतु जर्मन संघाच्या घटनेतील संबंधित कलमाची शब्दरचना शेवटच्या घटकेला बदलली गेली आणि फ्रेंच अंमलात मिळालेले हक्क काढून घेण्याची वाट लहानसहान राज्यांना मोकळी झाली. खासगी पत्रांत मात्र हुम्बोल्ट ज्यू व्यक्तींविषयी नेहमीच उदारपणे बोलतो असे नाही, आणि कारोलिनेला तर हे धोरणच पसंत नव्हते.

१८१७ मध्ये तो राजदूत म्हणून लंडनला गेला. १८१९ मध्ये त्याला मंत्रिपद मिळाले आणि त्याच वर्षी एका विद्यार्थ्याने केलेल्या राजकीय खुनाचे निमित्त करून ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटर्निख याने कार्ल्सबाडचे हुकूम काढले : वृत्तपत्रांवर सेन्सॉर, विद्यापीठांवर सरकारी देखरेख, संशयित प्राध्यापकांची हकालपट्टी. हुम्बोल्टने मंत्रिमंडळात उघड विरोध केला आणि ३१ डिसेंबर १८१९ रोजी त्याला पदावरून दूर करण्यात आले. त्याच सुमारास युद्धमंत्रिपद सोडून बाहेर पडलेला दुसरा माणूस म्हणजे पूर्वी त्याच्यासमोर पिस्तूल घेऊन उभा राहिलेला बॉयेन.

त्यानंतरची पंधरा वर्षे टेगेलला गेली. वास्तुशिल्पी शिंकेलने ते घर नव्याने बांधून दिले आणि हुम्बोल्ट पूर्णवेळ भाषांकडे वळला. लंडनला असताना फ्रान्त्स बॉप या तरुण पंडिताकडून तो संस्कृत शिकला होता. वयाच्या पन्नाशीत, राजदूताच्या कामातून वेळ काढून. १८२१ मध्ये त्याच्याच शिफारशीने बॉपला बर्लिन विद्यापीठात संस्कृतचे अध्यासन मिळाले. १८२३ मध्ये बॉनहून श्लेगेल या पंडिताने भगवद्गीतेची देवनागरीत छापलेली संहिता लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केली, आणि ती वाचून हुम्बोल्ट भारावून गेला. हा ग्रंथ कळण्याइतके आयुष्य लाभले याबद्दल त्याने एका पत्रात दैवाचे आभार मानले आहेत. १८२५ आणि १८२६ मध्ये बर्लिनच्या विज्ञान अकादमीत त्याने गीतेवर दोन व्याख्याने दिली. फळाची आशा न ठेवता कर्म करावे हा विचार त्याने केंद्रस्थानी ठेवला. इच्छा नसताना पदे घेणाऱ्या आणि निष्फळ ठरताच ती सोडणाऱ्या माणसाला हा विचार का भावला असेल, याचा तर्क करणे कठीण नाही. पण तो तर्कच आहे. तत्त्वज्ञ हेगेलने १८२७ मध्ये या व्याख्यानांचे दीर्घ परीक्षण लिहिले आणि हुम्बोल्टच्या विद्वत्तेचे कौतुक करता करता गीतेतील तत्त्वज्ञान मात्र कमी प्रतीचे ठरवले. हुम्बोल्टला ते परीक्षण रुचले नाही.

त्याचा भाषाविचार दोन-तीन वाक्यांत मावणारा नाही, तरी त्याचा गाभा सांगता येतो. भाषा म्हणजे आधीच तयार असलेल्या विचारांना चिकटवलेल्या चिठ्ठ्या नव्हेत. बोलता बोलताच विचार घडतो. म्हणून भाषा ही तयार वस्तू नसून सतत चालू असलेली कृती आहे, आणि प्रत्येक भाषेत जगाकडे पाहण्याची एक विशिष्ट दृष्टी मुरलेली असते. मराठीत बोलताना ऐकणाऱ्याला आपल्यात धरायचे की नाही हे 'आपण' आणि 'आम्ही' यांतून निवड करून दर वेळी ठरवावे लागते, तर जर्मन माणूस एकाच सर्वनामावर भागवतो. असे फरक हुम्बोल्टच्या लेखी कुतूहलापुरते नव्हते, तर त्या त्या समाजाच्या मनाच्या घडणीचा पुरावा होते. मर्यादित साधनांचा अमर्याद वापर हे भाषेचे त्याने सांगितलेले लक्षण विसाव्या शतकात भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने उचलले. त्याचा एक दोषही तितकाच ठळक आहे : संस्कृत-ग्रीकसारख्या, शब्दाच्या रूपातच बदल करून संबंध दाखवणाऱ्या भाषांना त्याने सर्वांत विकसित मानले आणि इतरांना खालच्या पायऱ्या दिल्या. मानवजात एकच आहे यावर त्याची निष्ठा होती. तरीही ही उतरंड पुढे वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्तवाद्यांना आयती सापडली.

कारोलिने मार्च १८२९ मध्ये गेली. नंतर त्याचे हात थरथरू लागले, अक्षर बारीक होत होत वाचेनासे झाले आणि त्याला लेखनिक ठेवावा लागला. रोज रात्री तो एक सुनीत सांगून लिहवून घेई. अशी हजारावर सुनीते साठली आणि घरात कुणालाही त्यांचा पत्ता नव्हता. दिवसा काम चाले ते जावा बेटावरील ‘कवी’ नावाच्या जुन्या भाषेवरच्या ग्रंथाचे. महाभारतावरून रचलेले भारतयुद्ध नावाचे काव्य या भाषेत आहे. तिच्यात संस्कृत शब्दांची रेलचेल असूनही व्याकरणाची ठेवण मलाय-पॉलिनेशियन कुळातील आहे, हे त्याने दाखवून दिले. ८ एप्रिल १८३५ रोजी टेगेल येथे त्याचे निधन झाले तेव्हा ग्रंथ अपुरा होता. अलेक्झांडर आणि सहायक बुशमान यांनी १८३६ ते १८३९ या काळात त्याचे तीन खंड प्रसिद्ध केले.

विद्यापीठासंबंधीचे ज्याचा वर उल्लेख आला ते टिपण तर अर्धवट अवस्थेत दप्तरात पडून होते आणि १९०० च्या सुमारास प्रथम उजेडात आले. म्हणजे एकोणिसाव्या शतकात बर्लिनचे नाव जगभर झाले तेव्हा ते टिपण कुणी वाचलेलेच नव्हते, आणि 'हुम्बोल्टचे विद्यापीठ' ही संकल्पना बऱ्याच अंशी विसाव्या शतकाने मागे वळून घडवली आहे. पण संशोधन करत शिकण्याची पद्धत तिथे खरोखरच रुजली होती. इरावती कर्वे यांनी १९३० च्या सुमारास याच विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, आणि आपले मार्गदर्शक ऑइगेन फिशर यांच्या वंशविषयक गृहीतकाला दुजोरा न देणारे निष्कर्ष मांडून मिळवली.

त्यानंतर तीनच वर्षांनी हुम्बोल्टच्या आराखड्यातील कच्चे दुवे उघडे पडले. नेमणुका सरकारच्या हाती होत्या आणि स्वतःच्या जमिनी कधी मिळालेल्याच नव्हत्या. त्यामुळे एप्रिल १९३३ मधील एका कायद्याने ज्यू आणि विरोधी मताच्या प्राध्यापकांना काढून टाकणे नाझींना सोपे गेले, आणि १० मे रोजी विद्यापीठासमोरच्या चौकात पुस्तकांची होळी झाली. युद्धानंतर विद्यापीठ बर्लिनच्या सोव्हिएत भागात आले. तिथल्या दडपशाहीला कंटाळून बाहेर पडलेल्या विद्यार्थी-शिक्षकांनी १९४८ मध्ये शहराच्या पश्चिम भागात स्वतंत्र विद्यापीठ काढले, आणि १९४९ मध्ये पूर्वेकडील मूळ विद्यापीठाने हुम्बोल्ट बंधूंचे नाव धारण केले.